कौल, दस्तक आणि गोल्डन व्हिसा

‘व्हिसा’ हा शब्द मराठीत रुळला त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा एक शब्द होता. कौल. नवी पेठ वसवायची असली, ओसाड पडलेलं गाव पुन्हा लावायचं असलं, परमुलखातला सावकार आपल्या बाजारात आणायचा असला, की सरकारातून कौल दिला जाई. काही वर्षं सारा माफ किंवा कमी, मग तो टप्प्याटप्प्याने वाढणार, वेठबिगार नाही, नाहक तसदी नाही, अशी लेखी हमी. ‘तू ये, राहा, धंदा कर, त्याबद्दल आम्ही तुला हे-हे देऊ,’ असा तो सौदा होता.

मी माहुलला राहतो आणि घाटकोपरच्या एका सीएच्या ऑफिसात काम करतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या फायली वाढल्या आहेत. कुणाचा हार्डवेअरचा धंदा, कुणाचं अंबरनाथला वर्कशॉप, कुणाची औषधांची एजन्सी. प्रत्येकाला एकच विचारायचं असतं: किती पैसे टाकले तर कुठे राहता येईल? या फायली लावता लावता मी इतिहासात शिरलो. तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न मुंबईत साडेतीनशे वर्षं जुना आहे आणि त्याची बरीच उत्तरं माझ्या घराच्या आसपासच सापडतात.

खाडी ही हद्द होती

आज माहुलच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की समोर शिवडी दिसते. मधे चिखल, खारफुटी आणि थंडीत फ्लेमिंगो. सतराव्या शतकात मात्र या खाडीच्या दोन काठांवर दोन वेगळी राज्यं होती.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पोर्तुगीजांनी गावंच्या गावं आपल्या सरदारांना खंडाने वाटली. तुर्भे (म्हणजे ट्रॉम्बे) आणि चेंबूर दों रोक तेलो दि मेनेझिसकडे गेली. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, तेव्हा मुंबई बेट आंदणात गेलं. प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. साष्टी आणि तुर्भे मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले. म्हणजे खाडीपलीकडचा शीव-वडाळा इंग्रजांचा आणि अलीकडचं माहुल पोर्तुगीजांचं. शीवच्या टेकडीवरचा किल्ला हद्द राखण्यासाठीच उभा राहिला. मुंबईकडे माल नेणाऱ्या होड्यांकडून पोर्तुगीज ठाण्याला आणि करंजाला जकात उकळत, आणि त्यावरून दोघांची सतत भांडणं होत.

समुद्रातही कागदाशिवाय फिरता येत नसे. पोर्तुगीजांचा परवाना म्हणजे ‘कार्ताझ’. तो विकत घ्यायचा, पोर्तुगीज बंदरात जकात भरायची, मिरीसारखा त्यांच्या मक्तेदारीचा माल भरायचा नाही. कार्ताझ नसलेलं गलबत जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच नियम उलटवला. कोकण किनाऱ्यावरून जायचं तर सरखेलांचं ‘दस्तक’ हवं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण परवान्याचे पैसे घेऊन वाट देणं हा धंदा आधी युरोपीयांनीच इथे रुजवला होता. कान्होजींचं म्हणणं एवढंच होतं, की हे पाणी आमचं आहे, तेव्हा कागदही आमचा चालेल.

दीवच्या वाण्याच्या अटी

इंग्रजांच्या हाती आलेली मुंबई म्हणजे दलदल, ताप आणि थोडी माडांची झाडं. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरला ठाऊक होतं, की तटबंदीने शहर होत नाही. व्यापारी यायला हवेत. आणि व्यापारी होते सुरतेला, दीवला, खंबायतला. त्यांना बोलवायचं तर काहीतरी देऊ करणं भाग होतं.

१६७७ मध्ये दीवचा मोठा वाणी व्यापारी निमा पारख मुंबईला यायला तयार झाला. पण तो नुसता हात जोडून आला नाही. त्याने अटींची यादीच पाठवली आणि कंपनीने तिच्यावर विचार करून त्याला सनद दिली. ती यादी वाचताना मला आमच्या ऑफिसातल्या फायलीच आठवतात, फरक एवढाच की इथे अटी अर्जदाराने घातल्या आहेत.

घर आणि वखार बांधायला जमीन, भाडं न घेता. स्वतःच्या आवारात स्वतःचा धर्म पाळायची मोकळीक; तिथे इंग्रज, पोर्तुगीज वा मुसलमान कुणीही राहायला येणार नाही आणि कुणी जीवहत्या करणार नाही. लग्नाचे विधी आणि प्रेतांचं दहन रीतीप्रमाणे. लहानथोर कुणालाही जबरदस्तीने ख्रिस्ती करणार नाही. पहाऱ्याचं काम आणि ओझी वाहण्याची सक्ती नाही. कोर्टात दावा लागला तर आधी रीतसर कळवायचं, भर रस्त्यात अटक करायची नाही. आणि युद्ध आलं, तर माल, पैसा आणि कुटुंब ठेवायला किल्ल्याच्या आत जागा.

यातली प्रत्येक अट कुठल्या ना कुठल्या अनुभवातून आलेली दिसते. दीव पोर्तुगीजांचं. पोर्तुगीज अमलात अनाथ हिंदू मुलांना चर्चच्या ताब्यात देऊन ख्रिस्ती करण्याचा कायदा होता. म्हणजे व्यापाऱ्याने डोळे मिटले, तर त्याच्यामागे त्याची मुलं कुणाची, हा प्रश्न खरा होता. निमा पारखला मुंबईत नफा हवा होताच. पण आपण मेल्यावर, युद्ध पेटल्यावर किंवा दावा लागल्यावर काय होईल, याची उत्तरं त्याला आधी लेखी हवी होती.

हा सौदा बरोबरीचा होता, कारण गरज दोघांना होती. मुंबईला त्याचा पैसा हवा होता, त्याला मुंबईची सुरक्षितता. गोल्डन व्हिसाचं मूळ शोधायला लोक कॅरिबियन बेटांपर्यंत जातात. तशीच एक जुनी सनद आपल्याच बंदरात सापडते.

आज्ञापत्रातले दोन पाहुणे

याच काळात खाडीच्या अल्याड, मराठी मुलखातही या प्रश्नावर विचार चालू होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं ‘आज्ञापत्र’ इ.स. १७१५ च्या सुमारास लिहिलं गेलं. शाळेत आपण त्यातला गडकिल्ल्यांचा भाग ऐकतो. पण त्यात सावकारांवरही एक प्रकरण आहे आणि ते आजच्या कुठल्याही इमिग्रेशन खात्याने वाचावं असं आहे.

त्याचा मतितार्थ असा: सावकारामुळे राज्याला शोभा येते, परमुलखातल्या न मिळणाऱ्या वस्तू मिळतात, अडीनडीला कर्ज उभं राहतं. म्हणून त्याचा मान राखावा, त्याला त्रास होऊ देऊ नये, बाहेरच्या सावकारांना बोलावून पेठा वसवाव्यात. इथपर्यंत ऑन्जियर आणि अमात्य एकाच मताचे.

पण मग अमात्य दुसऱ्या पाहुण्याकडे वळतात: टोपीकर. म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच. तेही व्यापार करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, असं ते बजावतात; त्यांच्या प्रत्येकामागे एक राजा उभा आहे आणि त्यांना मुलखाची हाव आहे. एकदा हाती आलेली जागा हे लोक सोडत नाहीत. तेव्हा त्यांना येऊ-जाऊ द्यावं, पण कायमची जागा देऊ नये. वखारीला द्यावीच लागली, तर समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी नव्हे. आत, सखल ठिकाणी. पक्कं बांधकाम करू देऊ नये.

म्हणजे प्रवेश कुणाला द्यायचा, वस्ती कुणाला करू द्यायची आणि या दोन गोष्टी वेगळ्या कशा ठेवायच्या, हे इथे स्पष्ट मांडलेलं आहे. आजच्या भाषेत बिझनेस व्हिसा आणि रेसिडेन्सी हे दोन वेगळे कागद. पाहुण्याच्या खिशात किती आहे एवढं पाहून अमात्यांचं समाधान होत नाही. त्याच्या पाठीमागे कोण आहे, हे ते विचारतात. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १७३७ ते १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायमची त्यांच्याकडे गेली. माहुलच्या खाडीवरची हद्द पुसली गेली.

माहुलचे गुंतवणूकदार

नंतरची पावणेदोनशे वर्षं माहुल कोळी-आगऱ्यांचं गाव म्हणून राहिलं: मासेमारी, मिठागरं, थोडी शेती. मग १९५१ साली पुन्हा एक कौल दिला गेला.

स्वतंत्र भारताला तेलशुद्धीकरण कारखाने हवे होते. भांडवल आणि तंत्र दोन्ही परदेशी कंपन्यांकडे होतं. सरकारने १९५१ च्या अखेरीस स्टँडर्ड-व्हॅक्युम आणि बर्मा-शेल या कंपन्यांशी करार केले. अटी वाचल्या की निमा पारख आठवतो. कारखाना सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षं सरकार तो ताब्यात घेणार नाही. त्यानंतर घेतला तर वाजवी भरपाई. कच्चं तेल कुठून आणायचं ते कंपनी ठरवेल. दहा वर्षं आयातशुल्काचं संरक्षण. स्टँडर्ड-व्हॅक्युमची रिफायनरी १९५४ मध्ये सुरू झाली (पुढे ती एस्सो म्हणून ओळखली गेली) आणि बर्मा-शेलची १९५५ मध्ये.

१९६० मध्ये सोव्हिएत युनियनने भारताला स्वस्त कच्चं तेल देऊ केलं. ते शुद्ध करायला या कंपन्यांनी नकार दिला. करारातली निवडीची मुभा त्यांच्या कामी आली. अमात्य असते तर म्हणाले असते, पाहुण्याला खाडीच्या तोंडाशी जागा दिलीत, आता ऐका.

पण कागदाचं दुसरं अंगही लवकरच दिसलं. १९७३ नंतर जगभर तेलाचं राजकारण बदललं. १९७४ मध्ये संसदेने कायदा करून एस्सोचा कारभार ताब्यात घेण्याचा मार्ग मोकळा केला आणि हिंदुस्तान पेट्रोलियम जन्माला आलं. १९७६ च्या जानेवारीत बर्मा-शेलही सरकारकडे आली. तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. दोन्ही कारखान्यांना जेमतेम वीस-एकवीस वर्षं झाली होती. कंपन्यांना भरपाई मिळाली, वाटाघाटी झाल्या, कुणाला हाकलून दिलं नाही. तरी पंचवीस वर्षांची हमी पंचवीस वर्षं टिकली नाही, हे खरं. त्याच दशकात, १९७२ मध्ये, इदी अमीनने युगांडातल्या आशियाई व्यापाऱ्यांना देश सोडायला नव्वद दिवस दिले होते. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं मागे राहिली आणि भरपाईचा करार कुणाच्याच खिशात नव्हता.

उलटा प्रवास

एवढा वेळ बाहेरचा व्यापारी इथे येत होता. इथला व्यापारी बाहेर जाऊ लागला, तो दोन कुलपं उघडल्यावर.

पहिलं कुलूप पासपोर्टचं. १९६६ मध्ये सरकारने सतवंतसिंग साहनी या आयात-निर्यात करणाऱ्या व्यावसायिकाला पासपोर्ट परत करायला सांगितलं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल १९६७ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकार मनमानी करून ते नाकारू शकत नाही. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत पासपोर्ट कायदा झाला. आपल्या हातातलं ते निळं पुस्तक एका धंदेवाइकाच्या तक्रारीमुळे हक्काचं झालं.

दुसरं कुलूप पैशाचं. एकेकाळी परदेश प्रवासालाही रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ लागे. १९७३ च्या फेरा कायद्यात परकीय चलन बाळगणं हा गुन्हा होऊ शकत असे. २००० साली फेमा आला आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक रहिवाशाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे.

दार उघडलं, तर समोर बाजार मांडलेला होता. सेंट किट्सने १९८४ पासून गुंतवणुकीवर नागरिकत्व द्यायला सुरुवात केली होती. कॅनडाची गुंतवणूकदार योजना १९८६ ची. अमेरिकेची ईबी-५ १९९० ची: आज सवलतीच्या भागात आठ लाख डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये, आणि दहा नोकऱ्या. पोर्तुगालचा गोल्डन व्हिसा २०१२ चा. अमिरातीचा २०१९ चा. आता वीस लाख दिरहमच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा रहिवास.

अंबरनाथचे वर्कशॉपवाले काका मला म्हणाले, “अरे, अमेरिकेचा तो ई-टू म्हणतात तो स्वस्त आहे ना? तोच बघ की.”

“काका, तो ज्यांच्याशी अमेरिकेचा व्यापारी तह आहे त्यांना मिळतो. आपला तह नाही.”

“मग लोक ग्रेनाडाचा पासपोर्ट घेऊन जातात ते?”

जात होते. ग्रेनाडाचा तह आहे. तिथलं नागरिकत्व विकत घेऊन पुढे अमेरिकेत जायची वाट होती. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने अट घातली, की असं नागरिकत्व विकत घेतलेल्याने आधी त्या देशात तीन वर्षं राहिलेलं असावं. शिवाय आपल्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व नाही. दुसरा पासपोर्ट घेतला, की भारताचा गेला. २००५ पासूनचं ओसीआय कार्ड येऊ-जाऊ देतं, मत देऊ देत नाही. हे ऐकून काका बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

हे बाजार बंदही पटकन होतात. कॅनडाने आपली योजना २०१४ मध्ये गुंडाळली. ब्रिटनने वीस लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला. पोर्तुगालने २०२३ मध्ये घर विकत घेण्याचा मार्ग काढून टाकला, कारण लिस्बनकरांनाच घरं परवडेनाशी झाली होती. अमेरिकेने ईबी-५ ची रक्कम २०१९ मध्ये वाढवली, २०२१ मध्ये कोर्टाने ती वाढ रद्द केली, २०२२ मध्ये नवा कायदा आला. ज्याची फाईल मधल्या काळात अडकली, त्याने काय करायचं?

पोर्तुगालची आणखी एक गंमत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. पाच लाख युरो नकोत, आजोबांचा जन्मदाखला पुरे. माहुलही दोनशे वर्षं त्याच राजाचं होतं. पण मराठ्यांनी ते १९६१ ऐवजी अठराव्या शतकातच सोडवलं, त्यामुळे इथल्या कुणाला तो कागद नाही.

फायलीत खरं काम असतं ते पैसा कुठून आला हे दाखवण्याचं. अनेक वर्षांची विवरणपत्रं, फ्लॅट विकल्याचा करार, वडिलांचं बक्षीसपत्र, बँकेचा ए-टू फॉर्म. अडीच लाखांची मर्यादा माणशी, तेव्हा नवरा-बायको मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, अशा दोन आर्थिक वर्षांत पैसे पाठवतात. एवढं करून ईबी-५ मध्ये हाती येतं ते आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड. अर्ज चालू असताना मुलगा एकवीस ओलांडेल का, ही आईबापांची सगळ्यात मोठी धाकधूक. निमा पारखलाही मुलांचीच काळजी होती.

माहुलचा कागद

हे सगळं मी संध्याकाळी माहुलला परत येऊन विचारात घेतो, तेव्हा दुसराच एक इतिहास दिसतो.

४ जानेवारी १९७६ रोजी, बर्मा-शेल सरकारजमा होण्याच्या तीन आठवडे आधी, मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणती झाली आणि कुटुंबांना फोटोपास दिले गेले. फोटोपास म्हणजे या शहरात राहू देण्याचा कागद. मग तारखा आल्या: १ जानेवारी १९९५ पूर्वीची झोपडी पात्र, पुढे १ जानेवारी २०००, पुढे पैसे भरून २०११. विजेचं बिल, मतदारयादी, रेशनकार्ड जोडा. बाहेरच्या देशात जाऊ पाहणाऱ्या शेठजींच्या फायलीइतकीच जाड फाईल, फक्त घर दहा बाय पंधराचं.

तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची वस्ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवली गेली. विद्याविहार, घाटकोपर आणि इतर भागांतली हजारो कुटुंबं २०१७ पासून माहुलच्या प्रकल्पबाधितांच्या इमारतींत आणून सोडली गेली. समोर रिफायनरी, बाजूला रसायनांच्या टाक्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं, की इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. लोक परत विद्याविहारच्या फुटपाथवर जाऊन बसले आणि महिनोन्‌महिने बसून राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणालाही माहुलला जबरदस्तीने पाठवू नका. दुसरं घर देता येत नसेल, तर महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्या.

हा निकाल वाचला, तेव्हा मला त्यात निमा पारखची यादी उलटी दिसली. त्याने यायच्या आधी विचारलं होतं: जमीन कशी, धोका आला तर कुठे जायचं, दावा लागला तर काय. माहुलला आणलेल्या माणसांना हेच प्रश्न येऊन, आजारी पडून, कोर्टात उभं राहून विचारावे लागले.

दोन्ही बाजूंना सांगता येण्यासारखं मला या सगळ्यातून एकच मिळालं. जागेचा कागद हाती घेताना चटई क्षेत्र किंवा पासपोर्टचा रंग नंतर बघावा. आधी बघावं ते हे, की वाईट दिवसाबद्दल त्यात काय लिहिलं आहे आणि तो दिवस आला तर ते अमलात आणायला कोण बांधील आहे. बर्मा-शेलकडे भरपाईचं कलम होतं, म्हणून ती पैसे घेऊन गेली. युगांडातल्या दुकानदारांकडे ते नव्हतं. अंबरनाथच्या काकांना मी हे सांगितलं. त्यांनी दुबईचा विचार सोडलेला नाही, पण वर्कशॉप विकायचं तूर्त थांबवलंय. आणि आमच्या शेजारच्या इमारतीतल्या मावशींनी त्या निकालाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, फोटोपासच्या शेजारी ठेवली आहे.